डबीची वेळ

मी हे लिहावं की नाही, ते अजून माझं ठरलेलं नाही. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सही करणं. आजोबा अंगठा लावायचे. बाबा सही करतात, पण करताना जीभ दातांत धरतात. अशा घरातल्या मुलीने एका मोठ्या माणसाबद्दल पानंच्या पानं लिहायची, तीही त्यांना न विचारता, हे मला स्वतःलाच बरं दिसत नाही. शिवाय मी त्यांची विद्यार्थिनी म्हणावी अशी नव्हते, कारण ते शिक्षकच नव्हते. लॅबमध्ये वायरी काढून द्यायचं त्यांचं काम होतं. त्यांच्याबद्दल लिहायचा खरा हक्क ज्यांचा, ती हुशार मुलं आता परदेशात नोकऱ्या करतात. त्यांनी काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून मी धाडस करते आहे. कुठे चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

पनवेलच्या आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबला ते कंत्राटावर होते. आधीची सगळी नोकरी खाडीपलीकडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात झाली होती. तिथून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले. आता ते मस्कतला मुलाकडे असतात. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘सर’ म्हटलं, तर त्यांनी स्टाफरूमच्या दिशेने बोट केलं.

“सर लोक तिकडे. मी असिस्टंट. चाचा म्हण.”

सगळं कॉलेज त्यांना चाचाच म्हणायचं. प्राचार्यसुद्धा.

त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. उजवीकडचं साडेपाच तास मागे. नवी मुलं दरवर्षी फसायची. “चाचा, हे बंद पडलंय का?”

“चालू आहे. ते लंडनला आहे.”

उपग्रहांच्या वेळा जगभर त्याच घड्याळाने लिहितात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. दोन्ही घड्याळं ते रोज सकाळी रेडिओवर बातम्यांआधी ठोके पडतात त्यांवर लावून घेत. एखाद्या दिवशी ठोके हुकले तर पुढच्या बातम्या होईपर्यंत चहाला हात लावत नसत. शर्टाच्या एका खिशात टेस्टर, दुसऱ्यात सुतारांकडे असते तशी पिवळी पोलादी मोजपट्टी. मोजताना मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही. पट्टी कापून ते तिचा अँटेना करायचे. घडी घातली तरी पट्टी सोडल्यावर पुन्हा सरळ होते, म्हणून रिक्षातून नेता येते, असं त्यांचं म्हणणं. प्लास्टिकच्या पाइपावर आडवे बसवलेले पट्टीचे पाच तुकडे, त्यांवर सेंटिमीटरचे आकडे तसेच. तो घेऊन ते रस्त्याने निघाले की बाजारातले लोक विचारायचे, “चाचा, कोणाच्या छपराचं माप?”

आमचं प्रॅक्टिकल दहाला असे. चाचा सव्वादहाला यायचे, धापा टाकत. विभागप्रमुख मॅडम दारातच उभ्या.

“चाचा, आजही उशीर?”

“मी वेळेवर होतो मॅडम. ती बोलली नाही.”

ती म्हणजे डबी.

त्यांच्या जुन्या कॉलेजातल्या मुलांनी एक छोटा उपग्रह बनवला होता. दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. मुलांनी त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. चाचांनी ते कधी उच्चारलं नाही. त्यांच्यासाठी ती डबी. तिच्यातला आवाज पाठवणारा भाग, म्हणजे ट्रान्समीटर, त्यांनी स्वतः जोडला होता. “मुलं हुशार, पण सोल्डरची झाळ लावताना हात थरथरायचा,” ते म्हणत. मोठ्या रॉकेटने तिला बऱ्याच लहान उपग्रहांबरोबर वर नेलं आणि रिक्षातून दाटीवाटीने बसलेली माणसं एकामागून एक उतरावीत तसं सगळ्यांना सोडून दिलं. सव्वीस दिवस डबी बोलली. दर दहा सेकंदांनी बारीक पिक-पिक, एवढंच तिचं बोलणं. सत्ताविसाव्या दिवशी गप्प झाली. अहवाल लिहिला गेला, मुलं पास होऊन पांगली, कॉलेजच्या हॉलमध्ये मोठा फोटो लागला. त्या फोटोत चाचा नाहीत. फोटो त्यांनीच काढला होता.

तेव्हापासून, म्हणजे मी भेटले तोवर आठ वर्षं, ते रोज सकाळी डबी डोक्यावरून जायच्या वेळी गच्चीवर अँटेना धरून उभे राहत. दहाएक मिनिटांत ती या क्षितिजावरून त्या क्षितिजावर जाते. ऐकून झालं की रजिस्टरमध्ये तारीख, वेळ आणि पुढे एक अक्षर: ना. पहिल्या रजिस्टरात ते “आज आवाज नाही” असं पूर्ण लिहीत. पुढे “आवाज नाही”, मग “नाही”, मग “ना”.

वर्गातला एक मुलगा एकदा म्हणाला, “चाचा, मेली असेल हो तुमची डबी.” चाचांनी त्याच्या हातातला मल्टिमीटर काढून घेतला आणि दोन आठवडे त्याला नीट चालणारा मल्टिमीटर मिळू दिला नाही. “गप्प आहे म्हणायचं,” ते मला म्हणाले. “बॅटरी बसलीय, ती सगळी वीज अडवून धरतेय. एक दिवस बॅटरी आतून पार तुटेल, मग सूर्याची वीज थेट तिच्याकडे जाईल आणि ती बोलेल. झालंय असं. एक जुना उपग्रह वीस-एक वर्षं गप्प राहून पुन्हा बोलायला लागला. मग?”

त्या “मग?”वर बहुतेक लोक हसायचे.

मी जासईची. आजोबा खाडीत जाळं टाकायचे. मी पाढे शिकले ते शाळेच्या आधी त्यांच्याकडे, आणि त्यातही पाऊणकीचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, भरती सहाला. दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा, तिसऱ्या दिवशी आणखी पाऊण तास. आता खाडीच्या अंगाला कंटेनरची यार्डं आहेत आणि बाबा ट्रेलर चालवतात. पण आभाळातलं जे काही आहे ते रोज ठरावीक उशिराने येतं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून डबीबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, “चाचा, ती रोज किती उशिरा येते?”

वर्ग हसला. चाचा हसले नाहीत. कोण, कुठली, उशीर कशावरून, सगळं विचारून घेतलं. पाऊणकी दोनदा म्हणून घेतली. मग म्हणाले, “रविवारी घरी ये. चाचीला सांगतो.”

त्यांचं घर जुन्या पनवेलमध्ये, मोहल्ल्यातल्या चार मजली इमारतीत सगळ्यात वर. चाचींनी दार उघडलं, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आत वळून ओरडल्या, “अहो, तुमच्या डबीला बघायला पाहुणी आली!” मग मला, “बस गो. माझी सवत आहे ती, माहीत आहे ना? मी निदान खाली तरी राहते. ती डोक्यावर बसलीय.”

“डोक्यावर बसलेली असती तर उभं कशाला राहिलो असतो?” चाचा आतून.

“सासूबाई वारल्या तेव्हाही हे एवढे उभे राहिले नव्हते.”

चाचांनी स्वयंपाकघरातून एक लिंबू आणलं आणि चाचींकडे हात पुढे केला. चाचींनी सवयीने एक हिरवी बांगडी काढून दिली. “फुटली तर डझन घेईन,” एवढंच म्हणाल्या. मला बांगडी लिंबाभोवती उभी धरायला सांगून चाचांनी आत लिंबू हळूहळू फिरवलं.

“बांगडी म्हणजे डबीचा रस्ता. रस्ता फिरत नाही, तो जागेवर. लिंबू फिरतं. दीड तासात ती एक फेरी मारते, तेवढ्यात पृथ्वी खालून सरकते. आता पनवेल तिच्या खाली असेल, तर पुढच्या फेरीला अरबस्तान असेल. तिथे आमचा मुलगा आहे.”

“म्हणजे ती रोज उशिरा येत नाही?”

“तुझी भरती चंद्राशी बांधलेली. चंद्र रोज रेंगाळतो. हिची गाठ सूर्याशी. पृथ्वीला पोट आहे, माझ्यासारखं.” त्यांनी पोटावर हात ठेवला. “त्या पोटाची ओढ रस्त्याला रोज जरासं वळवते. अगदी मोजून. वर्षभरात रस्ता सूर्याबरोबर एक वळण पुरं करतो. म्हणून सकाळची डबी बारा महिने सकाळचीच. काही मिनिटं इकडेतिकडे.”

ती फिरते असं म्हटलेलं मात्र त्यांना चालत नसे. “पडते म्हण. सारखी पडतेच आहे. पण पुढे एवढ्या जोरात पळते, की ती खाली येते तोवर जमीन वाकून खाली गेलेली असते.” आणि वरची विरळ हवा तिला अडवते, तशी ती खाली उतरते, आणि खाली उतरली की आणखी जोरात पळते. हे मी घरी बाबांना सांगितलं तर जेवता जेवता त्यांना ठसका लागला. “ब्रेक मारला आन् गाडी पळाली? कंचा ट्रेलर हाय ह्यो? मला पन दे एक.”

पण दुसरी गोष्ट त्यांना लगेच पटली. डबीचा सूर. जवळ येताना तो चढा असतो आणि समोरून पुढे गेली की उतरतो. जासईच्या रस्त्याला राहणाऱ्याला ट्रेलरच्या हॉर्नमुळे हे पाळण्यापासून माहीत असतं. ज्या क्षणी सूर उतरतो, त्या क्षणी ती आपल्या सगळ्यात जवळ असते. चाचांनी त्या सव्वीस दिवसांत प्रत्येक फेरीला तो क्षण सेकंदासकट लिहून ठेवला होता. “सूर उतरला” असा रकानाच होता.

त्या गच्चीवर मी दीड वर्ष गेले. जे काय शिकले ते तिथेच शिकले. कॉलेजात मी शेवटच्या बाकावर बसायचे, कारण बाकीच्यांचं इंग्रजी ऐकून मला बोलायची लाज वाटायची. गच्चीवर चाचा विचारायचे, “तुला काय वाटतं?” असं मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. चाची खालून घावणं पाठवायच्या. आता पनवेलला गेले तरी त्या गल्लीत माझा पाय वळत नाही. इमारत पुनर्विकासाला गेली, आता तिथे पत्रे लावलेत आणि आत खड्डा आहे.

सांगायचं राहतंय ते हे.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला चाचांनी मला पहिलं रजिस्टर दिलं, डबी बोलत होती तेव्हाचं. “यावरून गणित करून बघ. जुने आकडे यादीत मिळतील.” यादी म्हणजे आभाळातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन तिच्या रस्त्याचे आकडे जिथे रोज मांडतात ती. कोणालाही पाहता येते. मी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर डबीच्या क्रमांकाचे तेव्हाचे आकडे काढले, प्रत्येक दिवशी ती पनवेलच्या सगळ्यात जवळ कधी यायला हवी ते काढलं, आणि चाचांच्या “सूर उतरला”शी ताडून पाहिलं.

पहिल्या दिवशी सूर दोन सेकंद उशिरा उतरला होता. पाचव्या दिवशी दहा सेकंद. दहाव्या दिवशी वीस. शेवटच्या दिवशी पन्नासच्या वर. समासात चाचांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, “घड्याळ पुढे.” पण त्याच पानावर, सकाळच्या रकान्यात, रोज न चुकता: “घड्याळ लावलं.”

रोज लावलेलं घड्याळ असं चुकत नाही. चुकलंच तर कधी पुढे, कधी मागे चुकेल. रोज नेमाने दोन सेकंद, हा घड्याळाचा दोष नव्हे. हे कळायला मला इंजिनीअरिंग लागलं नाही, पाऊणकी पुरली. जे रोज सारख्या अंतराने उशिरा येतं, ते दुसऱ्याच कशाच्या तरी वेळेवर चाललेलं असतं.

म्हणजे बोलणारी वस्तू वेगळी आणि चाचा जिचे आकडे धरत होते ती वेगळी. एकदम सोडलेल्या इतक्या डब्या. सुरुवातीला कुठली कोणाची हे यादीवाल्यांनाही नक्की कळत नाही. कोणीतरी म्हणालं असेल, तुमची बहुधा ही. चाचांनी तो क्रमांक रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर लिहिला आणि तोच धरला. पहिले सव्वीस दिवस दोघी जवळजवळ होत्या म्हणून भागलं. पुढे अंतर वाढत गेलं. आठ-नऊ वर्षांत दोघींच्या वेळांचा काही संबंध उरला नव्हता. मी त्या घोळक्यातल्या एकेक वस्तूचे आकडे ताडून पाहिले. एकीशी चाचांचा प्रत्येक सूर सेकंदाला सेकंद जुळला.

ती अजून वर होती. चाचा गच्चीवर उभे राहून जे ऐकत होते, तो कुठल्या तरी देशाचा केव्हाच बंद पडलेला ठोकळा होता. आणि कित्येक सकाळी, ते जिना उतरून, रिक्षात बसून, मॅडमना उत्तर काय द्यायचं याचा विचार करत कॉलेजकडे येत असताना, त्यांची डबी त्यांच्या डोक्यावरून निघून गेली होती.

मी सांगितलं नाही.

पहिल्या रविवारी सांगायचं म्हणून गेले, तर ते दुसऱ्या मुलांना माझ्याबद्दल सांगत होते, “हिचं गणित बघा.” मग वाटलं, आधी पुन्हा तपासू. तपासलं. मग परीक्षा आली. मग रमजान आला, उपाशी माणसाला काय सांगायचं. मग इमारत खाली करायची नोटीस लागली. बाबांना विचारलं. “खरा हाय तुजा?” म्हणाले. मी हो म्हटलं. “तरी पन मोठ्या मानसाला चुकला असा आपून नाय बोलायचा. आमी नाय बोललो कवा.” मी ते कारण धरून ठेवलं, कारण मला ते हवंच होतं. खरं कारण वेगळं होतं. त्या गच्चीवर “तुला काय वाटतं?” विचारणारं माणूस माझ्या उत्तराने मोडेल आणि मला पुन्हा विचारणार नाही, याची मला भीती वाटत होती.

असे आठ महिने गेले. चाचा-चाची मस्कतला गेले. मोजपट्टीचा अँटेना सामानात होता. विमानतळावर विचारलं, हे काय? चाचा म्हणाले, मोजपट्टी. त्यांनी जाऊ दिलं.

मी दर आठवड्याला यादी बघत होते. डबी खाली येत होती. आधी हळूहळू, मग रोजचा फरक दिसेल इतकी. एका सकाळी यादीत अंदाज आला: अकरा दिवस.

मी कॉलेजच्या मागच्या जिन्यात बसून फोन लावला. चाची म्हणाल्या, “इथे गच्चीला कुलूप आहे, म्हणून सज्जात उभे राहतात. अर्धंच आभाळ दिसतं. शेजारीण विचारते, तुमच्या मियांना काय झालंय? दे, बोल त्यांच्याशी.”

मी सगळं एका दमात सांगितलं. दोन सेकंद, दहा सेकंद, घड्याळ लावलं, दुसरा क्रमांक, अकरा दिवस.

“पुन्हा सांग. पाचव्या दिवशी किती?”

“दहा सेकंद.”

“घड्याळ बरोबर होतं माझं.”

“बरोबर होतं, चाचा.”

मग त्यांनी विचारलं, “तुला कधी कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. “आठ महिने झाले.”

“नऊ वर्षं माझी चूक,” ते म्हणाले. “आठ महिने तुझे.” आणि फोन ठेवला.

तीन दिवस मी फोन करत होते आणि चाची उचलत होत्या. “रुसलाय गो. माझ्यावरपण असाच रुसतो, पण ते एका दिवसात जातं. जेवतो, नमाज पढतो, तुझं नाव काढत नाही.” तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज खाली आला. “तूपण तसं का केलंस? आमचं म्हातारपण बघून?” मी जिन्यातच रडले, ते त्यांना ऐकू गेलं असावं.

चौथ्या दिवशी पहाटे चाचांचा मेसेज आला. मराठीत, स्वतः टाइप केलेला. “आजची वेळ पाठव. मस्कतची. सेकंदासकट.”

त्यानंतरचे आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. डबी आता इतकी खाली होती की सकाळी काढलेली वेळ दुपारपर्यंत जुनी व्हायची. ती रोज जास्त जोरात, जास्त लवकर येत होती. मी दिवसातून तीनदा आकडे काढून पाठवायचे. ते सज्जात उभे राहायचे. नंतर एकच अक्षर यायचं: ना. चढलेल्या उन्हात खालून वॉचमनने हटकलं, तर चाचींनी त्याला खजूर दिला आणि सांगितलं, माझी सवत येणार आहे, बघू दे त्यांना.

त्या आठांतल्या दुसऱ्या दिवशी चाचांचा एक व्हॉइस मेसेज आला. मागे रस्त्याचा आवाज होता. “इतकी वर्षं भलत्याचंच गप्प बसणं ऐकत होतो गो. आज तिचं ऐकलं.” मी तो अजून पुसलेला नाही.

ती बोलली का, हे वाचणाऱ्याला विचारावंसं वाटत असेल. नाही बोलली. सातव्या दिवशी ना. आठव्या दिवशी सकाळी ती उत्तरेकडून येऊन मस्कतवरून दक्षिणेला जाणार होती, सज्जाच्या अगदी समोरून. त्यांनी कळवलं, ना. पुढच्या फेरीची वेळ पाठवायला मी यादी उघडली, तर डबीच्या क्रमांकापुढे तारीख पडली होती. अशी तारीख पडली की ती वस्तू आभाळात नाही असं समजायचं.

या वेळी मी परीक्षा, तपासणी, काही म्हटलं नाही. तिथूनच फोन लावला. त्यांनी स्वतः उचलला.

“चाचा, डबी उतरली.”

“कधी?”

“आज सकाळी. दक्षिणेला, समुद्रावर. जळून गेली असणार.”

“आज सकाळी कधी? इथून जायच्या आधी की नंतर?”

मी आकडे पुन्हा पाहिले. घाईत चुकायचं नव्हतं. “नंतर. शेवटची ती दिसली त्याची नोंद तुमच्याकडून गेल्यावरची आहे. सात-आठ मिनिटांनंतरची.”

“नक्की?”

“नक्की, चाचा.”

“म्हणजे इथून गेली तेव्हा होती.”

“होती.”

“मग मी होतो,” ते म्हणाले. “मी होतो बेटा, अँटेना तिच्याकडेच होता.”